घरावर संकट आलं, आता मुलांच्या शाळेचं काय? पालकांचे आणि शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत मी वर्गशिक्षिका आहे. हजेरीपट हातात आला की त्यातल्या प्रत्येक नावामागचं घरही हळूहळू कळत जातं. कुणाचे वडील गेले, कुणाच्या आईला कॅन्सर निघाला, कुठे दारू, कुठे घर मोडलेलं, कुठे दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर निघायची घाई. अशा वेळी पालक जे विचारतात आणि नवे सहकारी शिक्षक जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: घर डळमळलेलं असताना शाळेतल्या निदान एका मोठ्या माणसाला खरं काय ते ठाऊक असलं पाहिजे, आणि काहीही झालं तरी मुलाची शाळा तुटू द्यायची नाही. नियम आणि योजना सांगितल्यात त्या महाराष्ट्रातल्या आहेत.

घरातली गोष्ट शाळेला सांगायलाच हवी का? गावभर झाली तर?

सांगायला हवी. सगळी नाही, पण मुलाच्या वागण्यावर, झोपेवर, अभ्यासावर जिचा परिणाम होणार आहे तेवढी तरी.

सातवीतली एक मुलगी रोज प्रार्थना संपल्यावर यायची. उशिरा आलेल्यांनी फाटकाशी उभं राहायचं असा शिरस्ता होता, तीही निमूट उभी राहायची. एकदा वही तपासायला घेताना तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर तव्याचे चटके दिसले, दोन-तीन जुने काळे पडलेले आणि एक ताजा, पाणी धरलेला. आई जिल्ह्याच्या दवाखान्यात होती. पहाटे उठून पाणी भरायचं, दोन धाकट्या भावांच्या भाकरी थापायच्या, त्यांना अंगणवाडीत सोडायचं आणि मग शाळा. घरच्यांनी 'उगाच कशाला सांगायचं' म्हणून सांगितलं नव्हतं. शाळेला कळलं त्याच दिवशी तिची उशिराची शिक्षा बंद झाली, शेजारच्या काकूंनी सकाळच्या भाकरीचं अंगावर घेतलं आणि बुडालेलं गणित मधल्या सुट्टीत भरून निघालं. नुसतं सांगितल्याने इतकं झालं.

गावभर होण्याची भीती मात्र खोटी नाही. म्हणून सांगतानाच स्पष्ट बोला: "बाई, हे तुमच्यापाशीच राहू द्या, वर्गात किंवा स्टाफरूममध्ये नको." बहुतेक शिक्षक हे पाळतात. एक अपवाद तेवढा लक्षात ठेवा. मुलावर अत्याचार होत असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल, तर शिक्षकाला गप्प बसता येत नाही, तिथे कायदाच आडवा येतो.

कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं?

आधी वर्गशिक्षकांना. फी, दाखला, दीर्घ रजा असलं काही असेल तर मुख्याध्यापकांना. शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मागून घ्या, फाटकावर घाईत बोलू नका. मूल ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलतं ते खेळाचे सर असतील तर त्यांच्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

बोलायला जड जात असेल तर चार ओळींची चिठ्ठी पुरते: "याचे बाबा गेल्या आठवड्यापासून आयसीयूत आहेत. मी रात्री तिकडेच असते. हा आत्याकडे झोपतो. गृहपाठ राहिला तर रागावू नका. काही लागलं तर आत्याच्या नंबरवर फोन करा." यात शाळेला हवं ते सगळं आलं. काय घडलं, मूल कुणाजवळ आहे, काय सांभाळून घ्यायचं आणि फोन कुणाला करायचा.

चिठ्ठी दिल्याचं मुलालाही सांगा. आपल्या पाठीमागे बोलणं झालं असं त्याला वाटता कामा नये.

घरात मृत्यू झाला. मुलाला किती दिवस शाळेत पाठवू नये?

याला नियम नाही. बऱ्याच घरांत तेराव्यापर्यंत मुलांना घरी ठेवतात. पण चार-पाच दिवसांनी मूल स्वतःच 'मी जाऊ का शाळेत?' असं विचारू लागलं तर जाऊ द्या. बाप जाऊन आठवडा झाला नाही आणि पोरगं निघालं शाळेला, असं म्हणणारे नातेवाईक असतात. त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांनी आवरावं. घरात दिवसभर भेटायला येणारे, प्रत्येकाबरोबर नव्याने उठणारा आक्रोश, आणि कोपऱ्यात बसलेलं मूल, हे मी फार पाहिलं आहे. शाळेत निदान तासाची घंटा वेळेवर होते, बाकावर मित्र असतो, खिचडी नेहमीच्या वेळी मिळते. त्या वयात याचा मोठा आधार वाटतो.

पहिल्या दिवशी घरातल्या कुणीतरी सोबत यावं आणि अर्धा दिवस ठेवून पाहावं. मूल येण्याआधी वर्गशिक्षकांनी वर्गाला दोन वाक्यांत सांगून ठेवावं, म्हणजे 'तुझे पप्पा मेले का रे?' हा प्रश्न वीस तोंडांतून येणार नाही.

मुलाला काय सांगायचं? 'देवाघरी गेले' म्हटलं तर चालेल का?

लहान मूल शब्द जसाच्या तसा घेतं. 'झोपले' म्हटलं की त्याला रात्री झोपायची भीती वाटते. 'गावाला गेले' म्हटलं की ते वाट बघत बसतं, आणि खरं कळलं की ज्यांनी सांगितलं त्यांच्यावरचा विश्वास जातो. देवाघरी म्हणायला हरकत नाही, ती आपल्या घरांची भाषा आहे, पण त्याला जोडून सरळही सांगा: बाबा मेले, त्यांचं शरीर थांबलं, ते आता परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही. शेवटचं वाक्य विसरू नका. आदल्या दिवशी आपण हट्ट केला म्हणून बाबा गेले, असं मनाशी धरून बसलेली मुलं असतात आणि ती ते कुणालाही सांगत नाहीत.

एक वाक्य मात्र कृपा करून कुणी म्हणू नका: "आता तूच घरातला कर्ता पुरुष." बारा वर्षांच्या पोराला हे सांगायला येणारा पाहुणा चहा पिऊन निघून जातो, आणि पोरगं त्या दिवसापासून रडणं थांबवतं. मुलींना 'आता आईला तूच सांभाळायचं' हे ऐकवलं जातं. मुलांना मूलच राहू द्या.

पण आमचा मुलगा रडतच नाही. क्रिकेट खेळायला जातो. हे बरोबर आहे का?

अगदी बरोबर आहे. मुलांचं दुःख सलग चालत नाही. दहा मिनिटं रडतील, मग खेळतील, मग तीन महिन्यांनी एखाद्या सहलीच्या संमतीपत्रावर वडिलांच्या जागी कुणाची सही घ्यायची म्हणून हमसाहमशी रडतील. त्याला निर्दय म्हणू नका. वर्षश्राद्ध, वाढदिवस, निकालाचा दिवस, दिवाळी या वेळी ते पुन्हा वर येतं, तेव्हा जवळ राहा.

मुलाला त्रास होतोय हे ओळखायचं कसं?

दोन-तीन आठवडे टिकणारा बदल पाहा. शांत मूल अंगावर यायला लागतं, बडबडं मूल मिटून जातं. दर सोमवारी पोट दुखतं. अंथरूण ओलं होणं परत सुरू होतं. डबा न खाता परत येतो. अक्षर बिघडतं, शेवटच्या बाकावर जाऊन झोप काढली जाते. आठवी-नववीच्या पुढे मोबाइल रात्रभर, केस-नखं-कपडे यांकडे दुर्लक्ष, आणि मित्र अचानक तुटणं.

यातलं एखादं लक्षण असलं की लगेच आजार समजू नये. तीन-चार एकदम दिसली आणि हटत नसली तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात दाखवा. केसपेपर काढून तिथे डॉक्टर आणि समुपदेशक भेटतात. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनसेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे घरातल्या आजी-आजोबांनाही समजावून सांगा, कारण बहुतेक वेळा विरोध तिथूनच होतो.

मुलगी म्हणाली, 'मला जगायचं नाही.' ती खरंच म्हणते की धमकी देते?

खरंच म्हणते असंच धरून चाला. 'नाटकं करू नकोस' हे उत्तर देऊ नका, लगेच देवाची शपथही घालू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा: "तुझ्या मनात स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का? कधीपासून?" असं विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात.

त्या दिवसापासून तिला एकटं सोडू नका, रात्रीसुद्धा. शेतीचं घर असेल तर फवारणीची औषधं घरातून हलवा किंवा कुलपात टाका आणि किल्ली मोठ्या माणसाकडे ठेवा. घरातल्या गोळ्याही तशाच. मग १४४१६ ला फोन करा, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्या. काही करून घेतलं असेल तर क्षणभरही न थांबता १०८ ची रुग्णवाहिका. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणारी घरं आहेत, म्हणून सांगते: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानलं जातं आणि तिला शिक्षा करायची नसते.

शाळेत वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक या दोघांना कळवा. परत आल्यावर तिच्याकडे कुणी लक्ष ठेवायचं हे आधीच ठरलेलं असावं.

नवरा पिऊन येतो, रात्रभर भांडण. मुलगा सकाळी शाळेत झोपतो. काय करू?

ताई, पहिल्यांदा हे की मुलाने शाळेत झोप काढली तर ते वर्गशिक्षकांना समजून घेऊ द्या. मी अशा मुलांना पहिले दोन तास झोपू देते, तो अभ्यास नंतर होतो. मुलाला वही-पुस्तकं आणि एक गणवेश शेजारी किंवा मावशीकडे ठेवायला सांगा, म्हणजे रात्री घर सोडायची वेळ आली तरी सकाळची शाळा चुकत नाही.

मारहाण होत असेल तर ११२ वर पोलीस, १८१ वर महिला हेल्पलाइन. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी तुमचा अर्ज न्यायालयात पोचवतात. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, तालुका न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं, फोन १५१००.

व्यसनावर उपचार होतात. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतं आणि तिथे बायकांसाठीही गट चालतात. नवरा तयार नसला तरी तुम्ही एकट्याने जाऊन बोलू शकता. आणि मुलाला सांगा, अगदी याच शब्दांत सांगा, की बाबा पितात यात त्याचा दोष नाही आणि ते थांबवणं हे त्याचं काम नाही.

आम्ही दोघं वेगळे झालो आहोत. शाळेत काय सांगायचं?

मुलाचा ताबा कुणाकडे, न्यायला कोण येणार आणि कुणाला देऊ नये, हे लेखी द्या. न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत द्या. आदेश नसताना शाळेला एका पालकाला अडवणं अवघड जातं, हे ध्यानात असू द्या. पालकसभेला दोघं वेगवेगळ्या वेळी आलात तरी शाळेला चालतं. मुलाकरवी एकमेकांना निरोप मात्र धाडू नका. निकालपत्रावर सही कुणाची घ्यायची, या प्रश्नाने पोटात गोळा आलेली मुलं मी पाहिली आहेत.

वडील गेल्यावर नातेवाईक म्हणतात, वर्षाच्या आत मुलीचं उरकून टाका. ती दहावीत आहे.

घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. तिच्यापायी किती मुलींची शाळा सुटली याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. तीन वर्षं थांबायचं असेल तर आनंदाने थांबा. मुलगी बारावी होईल.

मुलगी अठरा वर्षांची झाल्याशिवाय लग्न लावणं हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. लावून देणारे, मांडववाले, भटजी, सगळे त्यात येतात. खेड्यात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर नाव न सांगता कळवता येतं. आईला एकटीने नातेवाइकांशी भांडता येत नसेल तर वर्गशिक्षिकेला घरी बोलवा. 'शाळेच्या बाई येऊन सांगून गेल्या' याचं वजन गावात अजून आहे.

पैशांचं कोडं असेल तर हेही सांगा: २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क राज्य सरकार भरतं. मुलगी पुढे शिकली तर खर्चच खर्च, हा हिशोब आता तितकासा खरा राहिलेला नाही.

फी थकली आहे. शाळा दाखला अडवून धरते. मुलाला घरी बसवावं का?

अजिबात नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात पहिली ते आठवीच्या मुलाला दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून जिल्हा परिषद, महापालिका किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला आधी बसवा, दाखला मागून येईल. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडत नाही. वयानुरूप वर्गात घ्यायचं हेही त्याच कायद्यात आहे.

आधीच्या शाळेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ऐकलं नाही तर गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या वर शिक्षणाधिकारी. तोंडी तक्रारीला काही अर्थ नसतो. त्याच खासगी शाळेत राहायचं असेल तर हप्ते बांधून मागा, घरची परिस्थिती लिहून द्या. वर्गात उभं करून फीबद्दल विचारणं हा मानसिक त्रास आहे आणि तो कायद्याच्या कलम १७ मध्ये बसतो.

कर्ता माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला. सरकारी मदत काय मिळते?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि सगळ्यांत कमी लोकांना पूर्ण उत्तर मिळतं, म्हणून सविस्तर.

पहिली आणि मुलांसाठी सगळ्यांत कामाची म्हणजे बालसंगोपन योजना. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. आई किंवा वडील नसलेली, आईवडील विभक्त झालेली, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली, अशी अठरा वर्षांखालची मुलं यात बसतात. २०२३ पासून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. अनाथालयात न जाता मूल घरातच वाढावं हा तिचा हेतू आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून तेरावा झाला की पहिल्या महिन्यातच कागद गोळा करायला लागा. दोन्ही पालक जावे लागतात अशी समजूत आहे, तसं नाही. एक पालक गेला तरी अर्ज करता येतो.

आईसाठी संजय गांधी निराधार योजना, तहसील कार्यालयात, दरमहा १,५०० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये, तेही तहसीलमध्येच. शेतकरी अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना, दोन लाख रुपये, अर्ज कृषी सहायकामार्फत. शेतकऱ्याने आत्महत्या केली असेल आणि जिल्हा समितीने प्रकरण पात्र ठरवलं तर राज्याची एक लाखाची मदत मिळते. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सातबारा आणि बँकेच्या थकबाकीचा कागद वेळेत जमवला नाही तर प्रकरण अपात्र ठरतं, तेव्हा दुःखातच कुणा शहाण्या माणसाला या मागे लावा.

मूल आठवीत असेल तर राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा चुकवू नका. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं.

शिक्षकांनीही हे पाठ करून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. विधवा बाई शाळेत दाखल्यासाठी येते तेव्हा तिच्या हातात या योजनांचा एक कागद ठेवायला दोन मिनिटं लागतात.

दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जाणार. मुलांना नेऊ की ठेवू?

बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या हजारो घरांपुढे दरवर्षी हा प्रश्न येतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ऊस तोडायला नवरा-बायको जोडीने जातात, मागे मुलांजवळ थांबायला कुणी नसतं. नेली तर मुलं कारखान्याजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, सकाळच्या भाकरी करते, दहा-बारा वर्षांचा मुलगा मोळ्या वाहायला लागतो. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा पाढे आणि जोडाक्षरं दोन्ही विसरलेली असतात, आणि दोन-तीन हंगाम असे गेले की शाळा सुटते. कुणी काढत नाही, मूल आपोआप गळून जातं.

गावात आजी किंवा चुलती असेल तर ठेवाच. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय मागा. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ती चालते. मुलांना सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेकडून मिळतं, म्हातारीवर फक्त रात्रीचं राखणं राहतं. ही मागणी निघायच्या आदल्या दिवशी करून काही होत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच कोणत्या घरातली किती मुलं राहणार याची यादी समितीपुढे ठेवा. समितीत तीन चतुर्थांश माणसं पालकच असतात, म्हणजे तुमचीच माणसं असतात. मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींची शासकीय वसतिगृहं निघाली आहेत, चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

न्यायचीच वेळ आली तर निघताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की मुलाला त्याच्या इयत्तेत बसवून घ्यायचं असतं, दाखला काढावा लागत नाही. परत आल्यावर तिकडची हजेरी आणि मूल्यमापन गावच्या शाळेत जोडलं जातं. तिकडच्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी भेटा. 'हे चार महिन्यांचे पाहुणे' म्हणून मागे बसवलं जातं, ते तुम्ही दारात उभे राहिलात तर जरा कमी होतं.

दहावीच्या वर्षातच घरात हे घडलं. वर्ष वाया जाईल का?

सहसा नाही. हजेरी कमी पडत असेल तर आजारपण किंवा घरातला मृत्यू याची कागदपत्रं जोडून मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे सवलत मागता येते. प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षा चुकली तर आउट ऑफ टर्न, म्हणजे ठरलेल्या दिवसांनंतर वेगळी, घेतात, मात्र शाळेला लगेच कळवावं लागतं. लेखी पेपर चुकला किंवा राहिला तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा आहे. दोन विषयांपर्यंत राहिले तर एटीकेटीने, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. शाळा पूर्ण सुटलेली असली तरी १७ नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं.

इतक्या वाटा असताना मुलाला 'हे वर्ष गेलं की आयुष्य गेलं' असं ऐकवू नये. निकालाच्या दिवशी घरात कुणीतरी हवं. मोबाइलवर निकाल बघणारं मूल एकटं नसावं, टक्के काहीही येवोत.

शाळेतच मुलं चिडवतात, बापाच्या नावाने बोलतात. एका शिक्षकांनीही हात उगारला.

मुलाला 'दुर्लक्ष कर' सांगून भागत नाही. कोण, कुठे, कधी, काय म्हणालं, हे तारखेसह लिहून वर्गशिक्षकांना द्या. चिडवणाऱ्या मुलाच्या घरी स्वतः जाऊ नका, त्यातून गावात वेगळंच सुरू होतं. शाळेनेच दोन्हीकडच्या पालकांना बोलवावं.

शिक्षकाचं मारणं आणि टोचून बोलणं, दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ खाली बंद आहे. मुख्याध्यापक, मग व्यवस्थापन समिती, मग शिक्षण विभाग अशी पायरी आहे. शाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिचे सदस्य कोण हे फलकावर नसेल तर विचारा. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर पायऱ्या चढत बसू नका, थेट पोलीस किंवा १०९८. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरोधी, कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने कळवायचंच असतं. शाळेचं नाव खराब होईल म्हणून मिटवणं हाही गुन्हा आहे.

मी नवा शिक्षक आहे. वर्गात असं मूल असेल तर मी नक्की काय करू?

फार काही करायला लागत नाही, पण जे कराल ते रोज करा. हजेरी घेताना त्याच्याकडे बघा. आठवड्यातून एकदा, इतर मुलं नसताना, 'घरी कसं चाललंय?' इतकंच विचारा आणि उत्तर आलं नाही तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. गृहपाठ निम्मा करा, माफ करू नका. माफ केलं की त्याला वाटतं आपल्याकडून आता कुणाची अपेक्षाच नाही. त्याला एखादं काम द्या, फळा पुसणं, ग्रंथालयाची किल्ली, पाणी आणणाऱ्यांची यादी. सलग तीन दिवस आला नाही तर चौथ्या दिवसाची वाट न बघता घरी जा.

वर्गासमोर दया दाखवू नका. मदतफेरी काढायचीच असेल तर मुलाला उभं करून नको, पैसे घरी पोचवा, फोटो काढू नका. गणवेश-वह्या वाटतानाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकायची पद्धत आपल्या शाळांतून गेली पाहिजे.

'माझ्या आईला सांगू नका' अशी अट घालून मूल काही सांगायला आलं, तर आधीच वचन देऊ नका. "तुला इजा होत असेल तर मला मदत मागावी लागेल, पण कुणाला सांगणार हे तुला आधी सांगेन," असं म्हणा. मूल तरीही बोलतं. आणि हे सगळं ऐकून तुम्हाला घरी झोप लागेनाशी झाली तर सहकाऱ्याशी, मुख्याध्यापकांशी बोला. १४४१६ शिक्षकांसाठीही आहे.

कोणते कागद एका पिशवीत तयार ठेवावेत?

मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड. पालकाचा मृत्यूचा दाखला असेल तर त्याच्या निदान दहा प्रती, कारण प्रत्येक टेबलावर एक लागते. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला असल्यास तो, आजारपणाचे केसपेपर. मुलाच्या नावाचं, आईबरोबरचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेले पैसेही अडकतात. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, एजंटाच्या तर नकोच. ज्या कार्यालयात अर्ज द्याल तिथे दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून घ्या, आणि ती प्रत त्याच पिशवीत ठेवा.